गोट्यांमधून पळणारी लाट

जळगाव-धुळ्याकडं शेतोशेती पाण्याचे पाइप दिसतात. त्याचा एखादा जुना तुकडा मोठ्यांकडून उभा चिरून घ्या. पन्हळीत दहा गोट्या एकमेकींना टेकवून मांडा आणि एका टोकाला अकरावी आपटा. मधल्या जेमतेम हलतात, शेवटची मात्र टुणकन सुटते! मधून गेली ती लाट.

हवेत हळू नि मोठा आवाज एकाच वेगानं जातो. इथं टोला जोराचा, तर लाटही वेगवान! कारण दाब वाढला, की गोट्यांचा सांधा ताठ होतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ नेस्तेरेंको यांनी हे १९८३ साली मांडलं.

२०१० साली अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत पोलादी गोळ्यांच्या ओळी कमी-जास्त दाबून सगळ्या लाटा एकाच जागी आणल्या. झाली आवाजाची बंदुकगोळी! तिच्या मदतीनं शरीर न कापता आतली गाठ पाहता येईल, अशी आशा आहे.

आता सांगा, दोन गोट्या एकदम आपटल्या तर किती सुटतील? करून पाहा!