संघच उरला नाही, परतायचं कुठं?

चाकण पट्ट्यात २०१० हे साल अनेकांच्या लक्षात आहे. महिंद्राचा मोठा वाहन कारखाना त्या वर्षी इथे सुरू झाला. त्याच्या मागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या वाढल्या, आसपासच्या गावांत कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि तळेगाव-चाकण रस्ता ट्रेलरनी भरला. त्याच वर्षी त्याच समूहाने मुंबईतला आपला फुटबॉल संघ, महिंद्रा युनायटेड, बंद केला. एका निर्णयामुळे दुसरा झाला असं मला म्हणायचं नाही. पण भारताच्या आजच्या फुटबॉल प्रशिक्षकाची कारकीर्द समजून घ्यायची तर या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

हे प्रशिक्षक म्हणजे खालिद जमील. जन्म १९७७ चा, कुवेतमधला. ते मधल्या फळीत खेळायचे. मुंबईत आधी महिंद्रा, मग एअर इंडिया, शेवटी मुंबई एफसी, असा त्यांचा खेळाडू म्हणून प्रवास झाला. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही बड्या क्लबांच्या जर्सीवर तेव्हा मद्य कंपन्यांची नावं असायची, म्हणून तिथली बोलावणी त्यांनी नाकारली, असं सांगतात. पुढे दुखापतींनी पाय धरले आणि २००९ मध्ये, ऐन बत्तिशीत, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले.

ते ज्या तीन संघांत खेळले त्यांचं काय झालं? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये संपला. राष्ट्रीय फुटबॉल लीगचं २००७ मध्ये आय-लीग झालं होतं. २०१३ मध्ये परवान्याच्या अटी पुऱ्या होत नाहीत म्हणून एअर इंडियाला या लीगबाहेर काढलं. मुंबई एफसी २०१७ मध्ये तळाला गेला आणि नंतर बंदच पडला. म्हणजे ज्या क्लबांनी या माणसाला घडवलं, त्यांपैकी राष्ट्रीय पातळीवर आज एकही नाही.

हे समजायला कंपनीचा संघ म्हणजे काय होतं हे पाहिलं पाहिजे. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, बँका, रेल्वे, सगळ्यांचे फुटबॉल संघ होते. खेळाडूला कंपनीत कायम नोकरी मिळायची. सकाळी सराव, मग ऑफिसात हजेरी, सामना असेल त्या दिवशी सुट्टी. गुडघा गेला, वय झालं, तरी पगार चालू राहायचा. प्रशिक्षकही बहुधा त्याच संघातून निवृत्त झालेला गडी असायचा. फुटबॉलपटूच्या आईवडिलांना पोराला मैदानावर पाठवायचा धीर याच नोकरीमुळे यायचा, हे विसरून चालणार नाही. हे सगळे संघ कूपरेजच्या मैदानावर भिडायचे. महिंद्राला इंग्रजी वर्तमानपत्रं कौतुकाने ‘जीपमेन’ म्हणत.

मग आशियाई महासंघाने व्यावसायिक क्लबांसाठी अटी घातल्या. क्लब ही स्वतंत्र कंपनी हवी, कुमार संघ हवेत, परवानाधारक प्रशिक्षक हवेत, हिशेब तपासलेले हवेत. अटी चुकीच्या नव्हत्या. पण जो संघ कंपनीच्या कल्याण खात्यातला एक खर्च म्हणून चालत होता, तो आता ताळेबंदातला तोटा म्हणून दिसू लागला. महिंद्राने यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर लक्ष देऊ असं सांगून संघ थांबवला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी, म्हणजे कापड गिरणीचा संघ, पुढच्याच वर्षी गेला. एअर इंडियाबरोबर ओएनजीसीलाही दार दाखवलं गेलं.

आता थोडं दूर जाऊ. मेक्सिकोत क्रुझ अझुल नावाचा क्लब आहे. १९२७ मध्ये तो सुरू झाला तो इदाल्गो राज्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या कामगारांसाठी. पुढे तो कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला आणि संघही त्यांचाच राहिला. सहकारी कारखाना म्हटल्यावर मराठी वाचकाला फार सांगायला नको. तिथेही गटबाजी झाली, वर्षानुवर्षं एकच माणूस खुर्चीवर राहिला, गैरव्यवहाराचे आरोप झाले, प्रकरण कोर्टात गेलं. पण संघ कुणी विकला नाही की गुंडाळला नाही.

या संघाने १९९७ मध्ये विजेतेपद मिळवलं तेव्हा बचावफळीत पेरू देशाचा हुआन रेनोसो खेळत होता. लिमाचा हा खेळाडू निवृत्तीनंतर प्रशिक्षक झाला. पेरूतच त्याने युनिव्हर्सितारियोला २००९ मध्ये आणि अरेकिपाच्या मेल्गारला २०१५ मध्ये विजेतेपद मिळवून दिलं. इकडे क्रुझ अझुलला १९९७ नंतर विजेतेपद मिळतच नव्हतं. अंतिम फेरी गाठायची आणि हरायचं, हे इतक्या वेळा झालं की मेक्सिकोत हरण्याला त्या क्लबच्या नावावरून क्रियापदच तयार झालं. शेवटी २०२१ मध्ये रेनोसो प्रशिक्षक म्हणून परत आला आणि मे महिन्यात तेवीस वर्षांहून लांबलेला दुष्काळ संपला. आधीचं विजेतेपद ज्याने खेळाडू म्हणून मिळवलं, त्यानेच पुढचं प्रशिक्षक म्हणून मिळवलं. पुढे पेरूच्या राष्ट्रीय संघाने त्याला बोलावलं, विश्वचषक पात्रतेच्या पहिल्या सहा सामन्यांत एकही विजय मिळाला नाही, आणि २०२३ च्या डिसेंबरात त्याला काढलं. प्रशिक्षकाचं आयुष्य तिकडेही असंच.

पण रेनोसोला परतायला जुना संघ होता. जमीलना, किंवा आपल्याकडच्या कंपनी-संघांतून आलेल्या बहुतेक खेळाडू-प्रशिक्षकांना, हे नशीब मिळत नाही. याचं सगळ्यात जवळचं उदाहरण पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर आहे.

वाकडहून मुळा नदी ओलांडली की बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल लागतं. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ते बांधलं. इथे अशोक पिरामल समूहाच्या पुणे एफसीने २००९ मध्ये डेरिक परेरांना प्रशिक्षक म्हणून आणलं. परेरा गोव्याचे, साळगावकर संघाचे भक्कम बचावपटू, भारताकडून खेळलेले. प्रशिक्षक म्हणून त्यांचा मोठा पराक्रम मात्र महिंद्रातला: २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यांनी महिंद्राला जिंकून दिली होती. पुण्याचा संघ वरच्या लीगमध्ये नवखा होता. पहिल्याच मोसमात परेरांनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर नेलं, आणि २०१२-१३ मध्ये उपविजेतेपदापर्यंत. मुंबईचं कूपरेज दुरुस्तीसाठी बंद होतं त्या काळात जमीलांचा मुंबई एफसीही बालेवाडीलाच आपलं घरचं मैदान म्हणायचा. एकाच गवतावर दोन माजी महिंद्रावाले आपापले संघ घडवत होते; एकाच्या हाताशी बऱ्यापैकी पैसा, दुसऱ्याचं लक्ष्य दर वर्षी लीगमध्ये टिकून राहण्याचं. जमीलांचा संघ सात मोसम टिकला. त्याचा खेळ देखणा नव्हता: मागे भिंत उभी करायची आणि संधी मिळताच लांब चेंडू पुढे मारायचा. यावर नाकं मुरडणाऱ्यांनी त्या संघाचा खर्च किती होता तेही पाहायला हवं होतं.

पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एक मोसम खेळून गेला. इंडियन सुपर लीगमधला पुणे सिटी २०१९ पर्यंत चालला, मग ती जागा हैदराबादला गेली. आणखी एक होता डीएसके शिवाजियन्स. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण तिथूनच जमीलांचं नशीब फिरलं.

शिवाजियन्सला २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला, खेळून नव्हे तर कंपनीने बोली लावून. प्रशिक्षक पुन्हा परेराच. थेट प्रवेशाबरोबर खालच्या लीगमध्ये न ढकललं जाण्याची हमीही होती. संघ नऊपैकी नववा आला. नियमाप्रमाणे तो खाली जायला हवा होता. हमीमुळे आठव्या आलेल्या मिझोरामच्या ऐझॉलला जावं लागलं. पुढे गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतल्यावर रिकाम्या जागेत ऐझॉलला परत बोलावलं. त्या सुमाराला मुंबई एफसीने जमीलांना सोडलं होतं. ते ऐझॉलला गेले.

सोबत मुंबईच्या मैदानांवरचे ओळखीचे खेळाडू होते, जयेश राणे आणि आशुतोष मेहता. सीरियाचा महमूद अल आमना मधल्या फळीत होता, बाकी बहुतेक पोरं मिझोरामची. एप्रिलच्या २२ तारखेला त्यांनी घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० असं हरवलं. मग ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. सुरुवातीलाच गोल खाऊनही त्यांनी १-१ केलं. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्येकडच्या क्लबने राष्ट्रीय विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. त्याच मोसमात जमीलांचा जुना मुंबई एफसी तळाला गेला. हा योगायोग मला नेहमीच थोडा क्रूर वाटत आला आहे.

त्यानंतर ईस्ट बंगाल, मोहन बागान, मग गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड. सुपर लीगमध्ये तेव्हा मुख्य प्रशिक्षक परदेशीच असायचा. भारतीय माणूस सहायक, आणि साहेब गेला की हंगामी. जमीलही २०२१ मध्ये असेच हंगामी झाले, आणि त्यांनी संघाला न हरता उपांत्य फेरीत नेलं. एखाद्या भारतीय प्रशिक्षकाने त्या लीगमध्ये इथवर मजल मारण्याची ती पहिली वेळ. मग कायमची नेमणूक झाली, आणि पुढचा मोसम वाईट गेला.

पुढे त्यांचा मुक्काम पुन्हा एका कारखान्याच्याच गावी झाला. जमशेदपूर एफसी टाटा स्टीलच्या मालकीचा. स्वतःचं मैदान, शेजारी १९८७ पासूनची अकादमी, शहराला संघाची सवय. २०२४-२५ मध्ये जमीलांनी त्याला उपांत्य फेरीत नेलं. तिथे पहिला सामना मोहन बागानविरुद्ध २-१ जिंकला, दुसऱ्यात अगदी शेवटच्या क्षणाला गोल खाऊन संघ बाहेर पडला. त्याच मोसमात सुपर कपची अंतिम फेरीही गाठली.

टाटांचं पिंपरीतही मोठं घर आहे, हे इथल्या कुणाला सांगायला नको. मग पिंपरीत असा क्लब का नाही? माझ्या मते उत्तर पैशांत नाही, नोकरीच्या स्वरूपात आहे. कंपनीचा संघ कायम नोकरीवर उभा असायचा. आज भोसरी, तळवडे, चाकणमध्ये काम करणाऱ्यांपैकी मोठा भाग कंत्राटी किंवा शिकाऊ आहे. तो ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो आणि काम बदललं की खोलीही बदलतो. खेळाडू म्हणून कुणाला कुठल्या जागेवर घ्यायचं? सीएसआरच्या निधीतून एखादं मैदान होईल, मुलांचं शिबिर होईल. बावीस वर्षांच्या बचावपटूला दहा वर्षांचा भरवसा त्यातून मिळत नाही. इथल्या मुलांसाठी आता फी भरून शिकायच्या अकादम्या आहेत. त्यातून चांगला खेळाडू निघेलही, पण वयाच्या तिशीत तो कुठल्या क्लबचा म्हणवेल?

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने जमीलना राष्ट्रीय प्रशिक्षक नेमलं. २०१२ नंतर या पदावर आलेले ते पहिले भारतीय. मध्य आशियातल्या काफा स्पर्धेसाठी मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. तरीही संघाने यजमान ताजिकिस्तानला २-१ असं हरवलं, इराणकडून हार पत्करली, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानला पेनल्टींवर नमवलं. काही दिवस वातावरण आनंदाचं होतं. ऑक्टोबरात सिंगापूरशी तिथे बरोबरी झाली, पण मडगावात १-२ हार, आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून ०-१.

या सगळ्या महिन्यांत त्यांच्या खेळाडूंपैकी बहुतेकांना क्लबचे लीग सामनेच नव्हते. महासंघ आणि सुपर लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता, नव्याचं ठरलं नव्हतं, आणि मोसम सुरूच झाला नव्हता. काही क्लबांनी सराव थांबवला, काहींनी पगार रोखले. राष्ट्रीय प्रशिक्षकाला संघ निवडायचा होता, तो अशा खेळाडूंमधून.