सन्माननिधीची चुकीनें आलेली रक्कम व तिची परतफेड

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे दोन-दोन हजार रुपयांचे हप्ते आपल्या वसई तालुक्यांतील पुष्कळ खातेदारांच्या बँकखात्यांत जमा होतात. २४ फेब्रुवारी २०१९ रोजीं ही योजना सुरू झाली. वर्षास सहा हजार रुपये तीन हप्त्यांनीं मिळतात. पैसे येतात तेव्हां आपण त्यांस पात्र आहों कीं नाहीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. पुढें परतफेडीची नोटीस आली म्हणजे मात्र घरांत धांदल उडते. एक शेजारी म्हणतो पैसे भरूं नका, दुसरा म्हणतो आजच्या आज भरून मोकळे व्हा. दोन्ही सल्ले उतावळेपणाचे आहेत.

प्रश्न लहान नव्हे. जुलै २०२१ मध्यें केंद्रीय कृषिमंत्र्यांनीं संसदेंत दिलेल्या माहितीप्रमाणें देशांत सुमारें ४२ लाख अपात्र व्यक्तींस २९९२ कोटी रुपये गेले होते. त्यांपैकीं महाराष्ट्रांतील रक्कम ३५८ कोटींची होती. इतक्या लोकांनीं लबाडी केली असें मानण्याचें कारण नाहीं. आरंभीं खातेदाराच्या स्वयंघोषणापत्रावरच नांवें चढविलीं गेलीं, आणि तें घोषणापत्र वाचून सही करणारे थोडे. पुढें आधार क्रमांकावरून प्राप्तिकर खात्याच्या नोंदींशीं याद्या ताडून पाहिल्या, तेव्हां चूक उघडकीस आली.

आपल्या भागांत ही चूक विशेष होण्याचें कारण आपल्या राहणींतच आहे. यजमान सकाळच्या गाडीनें मुंबईस नोकरीला जातो. केळीची, फुलांची वा भाजीची वाडी पत्नी पाहते, व सातबाराही कित्येकदां तिच्याच नांवें असतो. तिला वाटतें, कर नवरा भरतो, जमीन माझी. मग मला हरकत कसली? परंतु ह्या योजनेंत पात्रता व्यक्तीची पाहत नाहींत, कुटुंबाची पाहतात. पति, पत्नी व अज्ञान मुलें मिळून एक कुटुंब. त्यांतील एकानेंही मागील कर-निर्धारण वर्षांत प्राप्तिकर भरला असेल, तर सर्व कुटुंब अपात्र ठरतें. सरकारी व स्थानिक संस्थांचे आजी-माजी नोकर (चतुर्थ श्रेणीचे सोडून), दरमहा दहा हजार किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, तसेच व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते हेही वगळलेले आहेत. म्हणजे ज्यानें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत घालविलें, त्या प्रस्तुत लेखकासारख्या कारकुनासही हा निधी नाहीं!

उलट, कित्येक जण उगीच भितात. सज्ञान मुलगा बँकेंत नोकरीस आहे एवढ्यावरून बाप अपात्र होत नाहीं. सज्ञान मुलाचें कुटुंब निराळें. सामाईक खात्यांतील चार भावांच्या कुटुंबांची पात्रताही निरनिराळी पाहिली जाते. नियमांत शब्द आहे तो कर भरण्याचा. नुसतें विवरणपत्र दिलें, कर कांहींच लागला नाहीं, तर तेवढ्यानें अपात्रता येत नाहीं. म्हणून नोटीस आली कीं प्रथम तींतील कारण वाचावें. बँकेच्या पुस्तकावरून आलेल्या हप्त्यांची तारीखवार यादी करावी, आणि कोणत्या हप्त्यापासून व कोणत्या कारणानें मागणी आहे, हें तहसील कार्यालयास किंवा तालुका कृषि अधिकाऱ्यास लेखी विचारावें. मागणी चुकीची असेल तर पुराव्यासह लेखी हरकत द्यावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोंच घेतल्यावांचून परत फिरूं नये.

मागणी बरोबर निघाली तर काय? "चूक सरकारची, आम्ही कां सोसावी?" असें पुष्कळ म्हणतात. सन १८७२ च्या करार कायद्याचें कलम ७२ सांगतें कीं, चुकीनें दिलेले पैसे ज्यास मिळाले त्यानें ते परत केले पाहिजेत. कांहीं सुशिक्षित गृहस्थ सर्वोच्च न्यायालयाच्या १८ डिसेंबर २०१४ च्या निवाड्याचा आधार दाखवितात. पण तो निवाडा नोकरांस चुकून दिलेल्या जादा वेतनाविषयीं आहे, आणि येथें तर खातेदाराचें सही केलेलें घोषणापत्र दप्तरीं आहे. घोषणा खोटी ठरल्यास वसुली व कायदेशीर कारवाई होईल, असें योजनेच्या नियमांतच म्हटलें आहे. रक्कम खर्च झाली असून एकदम भरणें अशक्य असेल, तर तसा अर्ज करून मुदत किंवा हप्ते मागावे. ते देणें अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, परंतु मागितल्यावांचून मिळत नाहींत.

राज्य शासनानें सन २०२३ मध्यें घोषित केलेला नमो शेतकरी महासन्मान निधि केंद्राच्या योजनेच्या लाभार्थ्यांसच मिळतो. तेव्हां आपणांस त्याचेही हप्ते आले आहेत काय तें पाहावें, व दोन्ही रकमांचा हिशेब वेगळा ठेवावा.

मयत खातेदाराची गोष्ट अधिक नाजूक आहे. बाप वारला, खातें चालू राहिलें, हप्ता येत राहिला, व मुलानें कार्ड घालून पैसे काढले, असें घडतें. मृत्यूनंतर आलेले हप्ते वारसाचे नव्हेत. मृत्यूचा दाखला तलाठ्याकडे व बँकेंत लगेच द्यावा आणि वारसाचा फेरफार करून घ्यावा. योजनेसाठीं मालकीची तारीख १ फेब्रुवारी २०१९ ही असली, तरी वारसाहक्कानें पुढें आलेल्या जमिनीस ती आड येत नाहीं; वारस स्वतः पात्र असल्यास त्यानें आपल्या नांवें नवा अर्ज करावा.

पैसे भरतांना ते योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावरून भरावे, किंवा कार्यालयानें लेखी कळविलेल्या सरकारी खात्यांत. दूरध्वनीवरून मागणाऱ्यास एक पैही देऊं नये, व ह्या योजनेच्या नांवानें येणाऱ्या संदेशांतील फाईल उघडूं नये. तसल्या फाईलींतून लोकांचीं बँकखातीं लुटलीं गेलीं आहेत. पावतीवर लाभार्थ्याचें नांव, नोंदणी क्रमांक व हप्त्यांची संख्या आहे कीं नाहीं तें तेथेंच पाहून घ्यावें, आणि तिची एक प्रत अर्जासह कार्यालयांत देऊन यादींतून नांव कमी करण्याची विनंती करावी. तसें न केल्यास पुढचा हप्ता पुन्हां जमा होण्याचा संभव राहतो. कार्यालयांतील माणसें बदलल्यावर जुनीच मागणी फिरून आली, तर त्याच पावतीची प्रत जोडून उत्तर द्यावें.