शिकाऊ सॉलिसिटर हाताखाली घेताना

इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर होऊ पाहणाऱ्याला दोन वर्षं उमेदवारी करावी लागते. जुन्या पद्धतीत फर्म त्याच्याशी करार करते आणि कायद्याच्या किमान तीन शाखांत काम देते. 2021 मध्ये ‘एसक्यूई’ ही परीक्षा आली. या मार्गाने जाणाऱ्याला हा अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पुरा करता येतो.

नेमणूक सोपी, खरं काम देखरेखीचं. शिकाऊने भाडेकरूला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा केला आणि वरिष्ठाने तो गुपचूप दुरुस्त करून रवाना केला, तर अशील खूश होईल, पण शिकाऊ कोराच राहील. तारीख कुठे चुकली, अमुक वाक्य का काढलं, हे त्याला शेजारी बसवूनच सांगायला हवं. शिवाय त्याच्या हातून चूक झाली, तर अशिलाला उत्तर फर्मनेच द्यायचं असतं.

एसक्यूईच्या मार्गात या अनुभवावर सही करणारा सॉलिसिटर उमेदवाराच्या लायकीची हमी देत नाही. ती परीक्षा ठरवते. अनुभव किती काळाचा, ठरलेली कौशल्यं शिकायची संधी मिळाली का आणि चारित्र्याविषयी शंका यावी असं काही आढळलं का, एवढंच तो सांगतो. म्हणून कामाची नोंद रोजच्या रोज व्हावी. वर्षभरानंतर आठवून लिहिलेल्या नोंदीत नेमका तपशील उरत नाही.

मुंबईतही बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीच्या सॉलिसिटर परीक्षेसाठी अनुभवी सॉलिसिटरच्या हाताखाली आर्टिकलशिप करावी लागते.