अक्षर वाईट की लिहिणंच अवघड?

एरंडोलच्या एखाद्या शाळेतली चौथीची वही घ्या. शिरोरेखा चढत गेलेली, ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच, वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकलेली. शेरा ठरलेला: अक्षर सुधारा. मग शिक्षा म्हणून शुद्धलेखनाची आणखी दोन पानं! दुखणं हाताचं असेल, तर त्यानं ते वाढायचंच.

आधी तीन कामं वेगवेगळी करून बघावीत: फळ्यावरचं उतरवणं, ऐकून लिहिणं, मनानं चार ओळी लिहिणं. फक्त फळ्यावरचंच चुकत असेल तर पहिल्यांदा डोळे तपासा. ऐकून लिहिताना जोडाक्षरं फुटत असतील तर अडचण ध्वनी आणि अक्षराच्या जुळणीत असू शकते. तिन्हीकडे हात दुखतो, पेन्सिल घट्ट दाबली जाते, वेग रखडतो, तर हाताच्या बारीक हालचालींकडे बघावं. तोंडी उत्तर झकास आणि कागदावर दीड ओळ, ही तफावत सर्वांत बोलकी.

खानदेशात आणखी एक गोष्ट. घरी अहिराणी बोलणारं मूल ‘मला’ऐवजी ‘माले’ लिहितं. तो दोष नव्हे, ती त्याची भाषा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. लेखनातली अडचण, म्हणजे डिसग्राफिया, त्यातच येते. रीतसर तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळालं, तर दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक मिळू शकतो. मात्र दहावीची वाट कशाला बघायची? तिसरी-चौथीतच वह्या, तारखांसकट, जपून ठेवा. तपासणाऱ्याला त्या फार उपयोगी पडतात.