पडदे नसलेल्या गिटारचा सूर : दोष लाकडात, तारेत की बोटात?

विंझरहून आमच्या एका वाचकबंधूंचे पत्र आले. ते फर्निचरचे काम करतात आणि आसपासच्या भजनी मंडळांच्या हार्मोनियमचे भातेही दुरुस्त करून देतात. सुट्टीला गावी आलेल्या पुण्याच्या एका तरुणाने त्यांच्याकडे एक बेस गिटार आणून दिली. तिच्या दांडीवर एकही पडदा नाही. पत्रातील तक्रार अशी : "मोकळी तार बरोबर लागते, पण बोट दाबले की सूर उतरतो. मालक म्हणतो, घोडी पुढे सरकवून द्या. मी हात लावावा की नाही?"

प्रश्न एका वाद्याचा असला तरी तो आपल्या पुष्कळ कारागिरांच्या कामाचा आहे. शहरांत आणि आता गावांतही गिटार दिसू लागल्या आहेत, पण त्यांची दुरुस्ती करणारा हात जवळपास सापडत नाही. संगीताविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो या पानाचा विषय नाही. येथे आपण लाकूड, तार आणि कारागिराची मजुरी एवढ्यापुरतेच बोलू.

हे वाद्य काय आहे?

बेस गिटारला सहसा चार जाड तारा असतात आणि तिचा आवाज खर्जातला असतो. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी 1951 साली जी विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली, तिचे नाव 'प्रिसिजन', म्हणजे 'अचूक', असे होते. तोपर्यंत खर्जासाठी जे मोठे उभे वाद्य वाजवीत, त्याला पडदे नसत. फेंडरच्या गिटारला धातूचे पडदे होते, त्यामुळे बोट थोडे मागेपुढे पडले तरी सूर ठरल्या जागीच लागे. पुढे 1966 साली अँपेग कंपनीने बिनपडद्याची बेस गिटार काढली आणि 1976 साली जॅको पास्टोरियस या वादकाच्या ध्वनिमुद्रिकेने तिचा आवाज जगभर पोचवला. तेव्हापासून चांगल्या गिटारचे पडदे उपटून खाचा बुजवून घेण्याचीही हौस वाढली.

पडदे गेले की मींड मोकळी होते, सूर गळ्यासारखा वळतो. पण 'अचूक'पणाची जबाबदारी लोखंडावरून उतरून माणसाच्या बोटावर येते. आपल्याकडे सरोद आणि सारंगी वाजवणारे हेच ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहत आले आहेत.

मिरजेचा धडा

या कामाचे मूळ शिक्षण आपल्याच लोकांकडे आहे, हे येथे सांगितले पाहिजे. मिरजेतील शिकलगार घराणी शस्त्रांना धार लावण्याचे व ती दुरुस्त करण्याचे काम करीत. संस्थानी फौजांचे दिवस सरले, तसे ते काम आटले. सुमारे 1850 च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांची दुरुस्ती हाती घेतली आणि पुढे तंबोरे व सतारी बनवू लागले. त्यांचे वंशज 'सतारमेकर' म्हणून ओळखले जातात. पंढरपूर भागातील भोपळे आणि तूनचे लाकूड यांवर मिरजेत उभा राहिलेला हा धंदा आजही चालू आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. धार लावणाऱ्या हातांनी दुरुस्तीपासून सुरुवात करून नवा धंदा उभा केला, ही गोष्ट आज हातातले काम आटत चाललेल्या कारागिरांनी लक्षात ठेवावी.

मिरजेच्या उस्तादांचे खास कसब म्हणजे जवारी. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित उतरती असते. तार तिच्यावर अलगद घासत कंप पावते आणि म्हणून आवाज फुलतो. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 च्या सुमारास या रुंद घोडीचा शास्त्रीय अभ्यास केला होता. बिनपडद्याच्या बेस गिटारला जो गुंजणारा आवाज असतो, त्याचे कारणही असेच आहे. तेथे तार दांडीच्या सपाट लाकडावर बोटापुढे अलगद घासत असते. ज्याला जवारी कळली, त्याला ही दांडी समजायला वेळ लागणार नाही.

आधी दोषाची चाल ओळखा

पुष्कळ जण तक्रार ऐकताच स्क्रू फिरवू लागतात. ते करू नये. नव्या किंवा चांगल्या तारा मोकळ्या लावून मशीनवर सूर मिळवावा. मग दांडीवर खालून वर, ठरावीक जागी एकेक सूर तपासून कागदावर मांडावा. दोन शेजारच्या स्वरांतील अंतराचे शंभर भाग मानतात. त्या प्रत्येक भागाला सेंट म्हणतात. मशीनचा काटा हेच दाखवतो. कागदावर चार प्रकारचे चित्र दिसू शकते.

एक : दोष फक्त खुंट्यांच्या बाजूला असेल आणि सूर चढा येत असेल, तर तारगहन, ज्याला गिटारवाले नट म्हणतात, ते उंच आहे. तार दाबताना जास्त ताणली जाते. नटाची खाच बारीक कानशीने अगदी थोडी खोल करावी. जास्त घासली तर नवा नट बसवावा लागेल.

दोन : दोष वर जाईल तसा वाढत असेल, तर घोडीची जागा चुकली आहे किंवा वादकाचे बोट चुकत आहे. या दोहोंत फरक कसा करावा, ते पुढे सांगतो.

तीन : दोष एखाद्याच तारेवर आणि कसाही, कधी चढा कधी उतरता, येत असेल, तर ती तार खराब आहे. घाम, गंज आणि घासण्याने तारेचे वजन सगळीकडे सारखे राहत नाही. अशी तार कोणत्याही घोडीवर सुरात येणार नाही. ती बदलावी.

चार : मोकळी तार बरोबर, पण दाबलेला प्रत्येक सूर जवळजवळ सारख्याच मापाने उतरलेला असेल, तर वादक ज्या खुणा पाहून बोट ठेवतो त्या खुणाच तपासा.

दांडीचा बाक

घोडीकडे जाण्यापूर्वी दांडी पाहावी. तार पहिल्या आणि शेवटच्या जागी एकाच वेळी दाबून मध्यभागी तार व लाकूड यांत किती फट राहते ते बघावे. बिनपडद्याच्या गिटारला ही फट साध्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढी पुरते. फट जास्त असेल तर तार दाबताना ताणली जाऊन सूर चढतो. गिटारच्या दांडीत एक लोखंडी सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. ती ॲलन कीने आवळली की बाक कमी होतो. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, रात्रभर राहू द्यावे व सकाळी पुन्हा मापावे. घाटमाथ्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, हे वेल्हे भागातील सुतारबंधूंना सांगायला नको. पावसाळ्यात लावलेली दांडी उन्हाळ्यात पुन्हा बघावी लागते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावे.

घोडी आणि माप

नेहमीच्या बेस गिटारची तार नटापासून घोडीपर्यंत 34 इंच, म्हणजे सुमारे 864 मिलिमीटर असते. सतार बनवणाऱ्याला पुढचे माप पाठ असते : निम्म्यावर वरचा षड्ज, तिसऱ्या हिश्शावर पंचम, पाव हिश्शावर मध्यम. म्हणजे नटापासून 432, 288 आणि 216 मिलिमीटर. गिटारचे पडदे समान बारा भागांच्या हिशेबाने बसवतात, म्हणून तेथे पाचवा पडदा सुमारे 217 वर आणि सातवा सुमारे 287 वर येतो. फरक एका मिलिमीटरच्या आतबाहेर आहे.

आता घोडीची परीक्षा. तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसते टेकवून तार छेडावी. वरच्या सप्तकातला स्वच्छ नाद निघेल. मग त्याच जागी तार दाबून सूर घ्यावा. दोन्ही एकच आले तर घोडी बरोबर. दाबलेला सूर चढा आला तर घोडी मागे घ्यावी, उतरता आला तर पुढे आणावी. जाड तार ताठ असते, म्हणून तिची घोडी बारीक तारेपेक्षा काही मिलिमीटर मागे असणे हे ठीकच आहे. ती रांगेत आणायला जाऊ नये.

येथे एक अडचण येते. बोटाचे टोक मऊ आणि रुंद असते, त्यामुळे परीक्षा फसते. त्यावर उपाय साधा आहे. एटीएम कार्डासारख्या पातळ, टणक प्लास्टिकची कड 432 मिलिमीटरच्या खुणेवर उभी धरून तार तिच्यावर दाबावी. तो तात्पुरता पडदा झाला. कार्डावर सूर बरोबर आणि बोटाने चुकत असेल, तर दोष वाद्याचा नाही.

बोटाचा हिशेब

पडद्याच्या गिटारवर बोट पडद्याच्या थोडे मागे ठेवायची सवय असते. तेथे ते योग्यच आहे, कारण सूर पडदा ठरवतो. बिनपडद्याच्या दांडीवर बोटाचा मध्य नेमका खुणेवर हवा. समजा बोट 8 मिलिमीटर मागे पडले. नटाजवळच्या पहिल्या जागी सूर सुमारे 17 सेंट उतरेल. तेच 8 मिलिमीटर तारेच्या मध्यावर सुमारे 32 सेंट उतरवतील, कारण वर जाईल तशा जागा आखूड होतात. म्हणजे चुकीच्या बोटाचे चित्र चुकलेल्या घोडीसारखेच दिसते. कार्ड न लावता घोडी सरकवणारा कारागीर येथेच फसतो. तो वादकाची चूक वाद्यात पक्की करून ठेवतो आणि वादकाची सवय सुधारली की वाद्य बेसूर होते.

याशिवाय कानाचा एक घोटाळा आहे. तंबोऱ्यावर मिळणारा शुद्ध गंधार षड्जापासून 386 सेंटवर असतो, तर कीबोर्डचा गंधार 400 वर. हा 14 सेंटचा फरक सरावलेल्या कानाला स्पष्ट कळतो. याच प्रश्नाने के. बी. देवल आणि इंग्रज अधिकारी ई. क्लेमेंट्स यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची मोजमापे करायला लावले. त्या कामात, पुढे मिरजेत स्थायिक झालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याचा त्यांना उपयोग झाला. म्हणून वादकाला विचारावे, "तुम्ही कशाबरोबर वाजवता?" कीबोर्डबरोबर वाजवणाऱ्याने कीबोर्डचा सूर घ्यावा, तंबोऱ्याबरोबर वाजवणाऱ्याने तंबोऱ्याचा. मशीनचा काटा आणि कान भांडत असतील तर दर वेळी वाद्यालाच दोष देऊ नये. सरावासाठी मात्र तंबोऱ्यासारखा दुसरा मास्तर नाही. षड्ज-पंचम लावून रोज थोडा वेळ प्रत्येक जागा त्यावर तपासली तर बोट हळूहळू ठिकाणावर येते.

विंझरचा निकाल

आम्ही विंझरच्या बंधूंना हे सगळे कळवले आणि घोडीला हात लावण्यापूर्वी दांडीच्या कडेचे पांढरे ठिपके कोठे आहेत ते मोजायला सांगितले. त्यांचे उत्तर आले. ती गिटार मुळात पडद्याची होती. कोणीतरी पडदे काढून खाचा दांडीच्याच रंगाच्या लाकडाने बुजवल्या होत्या, त्यामुळे त्या दिसत नव्हत्या. पडद्याच्या गिटारला ठिपके दोन पडद्यांच्या मधोमध असतात. तेच ठिपके पाहून तो तरुण बोट ठेवत होता. म्हणजे प्रत्येक सूर जवळजवळ अर्ध्या जागेने, सुमारे 50 सेंट, उतरत होता. घोडी, दांडी आणि तारा यांत काहीही दोष नव्हता. आमच्या बंधूंनी दांडीच्या कडेला नेमक्या मापावर बारीक नव्या खुणा करून दिल्या आणि जुने ठिपके झाकले.

आता प्रश्न मजुरीचा. त्यांनी लिहिले आहे, "स्क्रू फिरवला नाही, तर पैसे कशाचे घेऊ?" आमचे मत असे आहे की तपासणी हेही काम आहे आणि त्याची मजुरी हलाल आहे. ती आधी सांगून घ्यावी. पण न केलेल्या दुरुस्तीचे पैसे लावणे म्हणजे मापात पाप. कुरआन शरीफमधील सूरह मुतफ्फिफीन मापात कमी देणाऱ्यांनाच बजावते. मिलिमीटर आणि सेंट हीसुद्धा मापेच आहेत. बिलावर 'तपासणी' आणि 'दुरुस्ती' असे दोन वेगळे रकाने ठेवावेत. दोष बोटाचा असेल तर तसे नम्रपणे सांगावे. गिऱ्हाईक क्षणभर नाराज होईल, पण पुढची गिटार घेऊन तुमच्याच दारी येईल.

त्या तरुणाने तपासणीचे व खुणांचे पैसे दिले आणि दुसऱ्या एका मित्राची गिटार पाठवतो असे सांगून गेला. ती आली की नाही हे आमच्या बंधूंनी अद्याप कळवलेले नाही. वाचकांनी आपापल्या धंद्यातील अडचणी अशाच सविस्तर कळवाव्यात, म्हणजे त्यांचा उपयोग इतर बंधूंनाही होईल.