पुड्यावरच्या कॅलरी मोजतात कशा?

"डॉक्टर, बिस्किटांच्या पुड्यावर ४५० कॅलरी लिहिल्यात. खाऊ की नको?" मधुमेहाचे रुग्ण असे नेहमी विचारतात. हा आकडा येतो कुठून, ते आधी पाहू.

मूळ पद्धत अन्न चक्क जाळून पाहण्याची. वाळवलेला नमुना जाड पोलादी भांड्यात ठेवून त्यात दाबाने ऑक्सिजन भरतात. भांडे पाण्यात बुडवून आतला नमुना विजेने पेटवतात आणि पाणी किती तापले ते मोजतात. एक किलो पाणी १ अंश सेल्सिअसने तापवणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. बोलताना आपण तिलाच कॅलरी म्हणतो. यंत्राचे नाव बॉम्ब कॅलरीमीटर, पण घाबरू नका, स्फोट होत नाही!

शरीर मात्र भट्टी नव्हे. एक ग्रॅम प्रथिन यंत्रात सुमारे ५.६ कॅलरी देते, शरीराला ४च मिळतात. बाकीची ऊर्जा मुख्यतः युरियातून लघवीवाटे जाते. चोथाही यंत्रात जळतो, आपल्याला फारसा पचत नाही. म्हणून पुड्यावरचा आकडा सहसा हिशेबाने काढतात: कर्बोदके आणि प्रथिने ग्रॅमला ४, स्निग्ध पदार्थ ९.

५ ग्रॅम तूप आणि ११ ग्रॅम साखर, कॅलरी जवळपास सारख्याच. रक्तातली साखर झपकन चढते ती दुसऱ्याने. तेव्हा कर्बोदकांची ओळही वाचा; आकडा १०० ग्रॅमचा की अख्ख्या पुड्याचा, तेही बघा. आणि इन्सुलिन घेत असाल तर कॅलरी वाचवायला जेवण चुकवू नका, साखर धोकादायक उतरू शकते.