लांब काडाची कदर

ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे भाताची झोडणी आटोपली की दाणा घरात जातो आणि खळ्यावर पेंढा उरतो. गुरांना वैरण, पूर्वी घरावर छप्पर, वैशाखात आंब्याची आढी. एवढ्यावर त्याची किंमत संपते. फ्रान्समध्ये मात्र तीनेकशे वर्षांपूर्वी अशाच काडाने मढवलेल्या डब्या बडे लोक एकमेकांना नजराणा म्हणून देत.

तिकडचं काड राय या धान्याचं, उंच आणि चकचकीत. पेरांच्या गाठी कापून टाकतात, उरलेल्या नळ्या रंगाच्या गरम पाण्यात मुरवतात. मग एकेक नळी उभी चिरून उघडायची आणि हाडाच्या पट्टीने घासून सपाट करायची. अशा फिती लाकडी डबीवर कडेला कड भिडवून चिकटवतात. काडाच्या सालीत मुळातच सिलिका असते, म्हणून वरून रोगण लागत नाही. फिती आडव्या-तिरप्या लावल्या की एकच रंग कुठे उजळ, कुठे गडद दिसतो. डबी हातात फिरवावी तशी तिच्यावरची झळाळी सरकत जाते.

सतराव्या शतकात रुजलेली ही कला अठराव्यात पॅरिसच्या शौकिनांपर्यंत पोहोचली. तपकिरीच्या डब्या, सुयांच्या नळकांड्या, शिवणाच्या पेट्या अशा कितीतरी वस्तू घडल्या. पुढे इंग्लंडशी झालेल्या युद्धांत पकडलेले फ्रेंच सैनिक इंग्लंडमध्ये नॉर्मन क्रॉसच्या छावणीत 1797 ते 1814 या काळात कैदेत होते. मिळेल त्या काडातून ते डब्या करत आणि छावणीच्या दाराशी विकत. पीटरबरोच्या संग्रहालयात त्यांचं काम आजही आहे. ऐषआरामासाठी जन्मलेली कला कैद्यांच्या पोटाला आधार झाली, हा मला या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

नंतर ही कला मागे पडली. 1920-30च्या सुमारास जाँ-मिशेल फ्रांक आणि आंद्रे ग्रूल्ट या फ्रेंच सजावटकारांनी ती फर्निचरवर आणली, पुन्हा ओहोटी लागली. ग्रूल्ट यांची नात लिझाँ द कोन आजोबांच्या जुन्या वस्तू दुरुस्त करता करता त्यात मुरली. 1998 मध्ये फ्रेंच सरकारने तिला कलागुरूचा मान दिला. आज हर्मेस आणि कार्टिएच्या घड्याळांच्या तबकड्यांवरही हे काम दिसतं.

आपल्याकडे केरळात भाताच्या काडाची चित्रं करतात, उत्तर प्रदेशात बहराइचला गव्हाच्या काडाची कलाकुसर आहे. ठाणे जिल्ह्यात भात मुबलक, पण अशा कामाला हवं तसं लांब काड उरलं नाही, ते आखूड होत गेलं. 1968 मध्ये आलेल्या जयासारख्या बुटक्या जातींनी उत्पन्न वाढवलं, घरात दाणा आला. ते हवंच होतं. त्यात उंच गावरान वाण मात्र मागे सरले. शेजारच्या वाडा तालुक्यातल्या कोलम भाताला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही दाण्यासाठीच.

शिवाय मळणी यंत्र काड चुरगाळतं. हाताने झोडताना मार बसतो तो लोंबीच्या टोकाला, खालची नळी शाबूत राहते. उंच भात, विळ्याची कापणी आणि हाताची झोडणी जिथे अजून आहे, अशा पाड्यांवर पुढच्या सुगीला चार भारे वेगळे काढून ठेवावेत. केरळचा एखादा कारागीर आठवडाभर बोलवावा आणि बचत गटातल्या बायांच्या हाती ते काड द्यावं.